भावाच्या वाटणीचं जेवण

आमच्या प्रेम नगरच्या घरात वरच्या खोलीत एक अरबी कादंबरीकार राहून गेल्या, असं सांगितलं की झाशीतले ओळखीचे लोक पहिल्यांदा विचारतात, भाडं किती घेतलंत? भाडं घेतलं होतं, आणि वीज वेगळी. त्यांनीच तसं ठरवून घेतलं होतं. दुसरा प्रश्न असतो, त्यांनी तुमच्यावर काही लिहिलं का? त्याचं उत्तर जरा लांब आहे.

त्या राहायला आल्या तेव्हा मी एक अट घातली होती, की आमच्या घरातल्या कोणाचंही नाव कुठे छापायचं नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. तेव्हा मीही इथे कोणाचं नाव लिहीत नाही.

माझी धाकटी बहीण आखातातल्या एका शहरात, एका अरबी दैनिकाच्या हिशेब विभागात काम करते. एका रविवारी तिचा फोन आला.

"दादा, वरची खोली रिकामी आहे ना?"

"आहे. का?"

"आमच्याकडच्या एक पत्रकार बाई आहेत. कादंबऱ्याही लिहितात. सुट्टी घेतलीय, आणि अशी जागा शोधताहेत, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही आणि अरबी कोणाला येत नाही."

"मग झाशी बरोबर आहे," मी म्हणालो.

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "खाण्याचं कसं करायचं? श्रावण येतोय."

"वहिनी, त्या सगळं खातात."

"सगळं खातात म्हणूनच विचारतेय," बायको म्हणाली.

बाई आल्या. परदेशी पाहुणा घरी उतरला की पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती मी दुसऱ्याच दिवशी केली. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने बारीक, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. हिंदी त्यांना थोडी येत होती, आखातातल्या ड्रायव्हर आणि चौकीदारांकडून शिकलेली, त्यामुळे तिच्यात क्रियापदांना शेपूट नसायचं. उरलेलं इंग्रजीत. आमचं सगळं बोलणं असं मिसळलेलं होतं. इथे ते मराठीत देतो. माझ्या बहिणीचं ऐकून त्या माझ्या बायकोला वहिनी म्हणायला लागल्या, आणि बायको त्यांना ताई. मला मात्र त्या भाईसाहब म्हणत.

पूर्ण श्रावणात त्यांना घरात अंडंसुद्धा मिळालं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. बायकोला शंका होती की दुपारी चक्कर मारायला जाते म्हणून सांगून त्या बाहेर कबाब खाऊन येतात. मी म्हटलं, खाऊ दे, भाड्यात कुठे तसं लिहिलंय?

त्यांच्या कामाची पद्धत मला आवडली होती, म्हणून सांगतो. पहाटे उठून त्या कादंबरीला बसत, हाताने, शाईच्या पेनाने. साडेनऊला खाली येऊन चहा घेत. त्यानंतर लॅपटॉप उघडत, तो फक्त दैनिकाच्या कामासाठी. सुट्टीवर असल्या तरी आठवड्याचा स्तंभ चालू होता आणि तो मंगळवारी दुपारपर्यंत पाठवायचा असे. "हाताने लिहिते ते खोटं, मशीनवर लिहिते ते खरं," असं त्या म्हणत. "दोन्ही एका वेळी टेबलावर ठेवत नाही."

माझी मुलगी कॉलेजात जाते. मराठी तिला समजते, पण उत्तर हिंदीत येतं. तिने फोनवर त्यांचा स्तंभ शोधला आणि यंत्राकडून भाषांतर करून आम्हाला वाचून दाखवला. यंत्राचं हिंदी दगडासारखं असतं. तरी एक वाक्य समजलं. "मेरा मकान-मालिक मरे हुए लोगों के काग़ज़ जाँचता है और शाम को टमाटर का भाव पूछता है।"

"बाबा, ये तो आप ही हो," मुलगी म्हणाली.

नाव नव्हतं. अट मोडली नव्हती. टमाट्याचा भाव मी विचारतो, हेही खरं आहे.

मी आयुर्विम्याच्या कार्यालयात दाव्यांच्या विभागात आहे. माणूस गेला की त्याच्या वारसाला पैसे मिळण्याआधी जे कागद लागतात ते मी तपासतो. मृत्यूचा दाखला, दवाखान्याचा कागद, ओळख, सह्या. या कामात मला चोवीस वर्षं झाली. बाईंना माझ्या या कामात फार रस होता. एकदा चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "आणि दाखला नसेल तर? माणूस घरून गेला आणि परत आलाच नाही, तर?"

मी सांगितलं, पोलिसांत तक्रार केल्यापासून सात वर्षं वाट पाहायची. सात वर्षांत ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांपैकी कोणाला लागली नाही, तर कायदा तो मेला असं धरतो. मग कोर्टाचा हुकूम आणायचा. तोवर हप्ते मात्र चालू ठेवावे लागतात.

"धरतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे कायद्यालाही माहीत नसतं."

"नसतं. पण कुठेतरी थांबावं लागतं."

"आमच्याकडे असं थांबता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांनी मला स्वतःची हकीकत सांगितली. तुटक सांगितली होती, मी सलग करून देतो.

इराकमधल्या एका नदीकाठच्या गावात त्यांचा जन्म. वडील शाळेत गणित शिकवत. शिक्षण झाल्यावर त्या राजधानीत एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागल्या, नंतर कोर्टाच्या बातम्या. लढाई आली तेव्हा त्यांच्याकडे मेलेल्यांच्या नावांची खात्री करायचं काम आलं. त्यांच्या संपादकाचा नियम होता, की एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी सांगितल्याशिवाय कोणालाही मेलेला छापायचं नाही. एकाने सांगितलं तर ती अफवा. एकदा त्यांनी एका बेकरीवाल्याला एकाच्याच शब्दावर मेलेला छापला, आणि तो दुसऱ्या दिवशी हातात अंक घेऊन कार्यालयात आला. "मी त्याला बघून रडले. तो मलाच पाणी देत होता," असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो नियम संपादकाचा राहिला नाही, त्यांचा झाला.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच वर्तमानपत्रात फोटो काढायचा. एक दिवस सकाळी तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला, आणि नंतर दिसला नाही. एका माणसाने सांगितलं की त्याला पुलापाशी पडलेला पाहिला. दुसरा माणूस मिळाला नाही. त्यांनी दुसऱ्याला शोधत दीड वर्ष काढलं, मग आईला घेऊन देश सोडला. आखातात नोकरी लागली. आधी भाषांतराच्या टेबलावर, मग बातम्यांवर, मग स्वतःचा स्तंभ. कादंबऱ्या ऑफिसच्या आधी पहाटे लिहायची सवय तिथलीच. पहिली फारशी कोणी वाचली नाही. दुसरी एका देशाच्या पुस्तकजत्रेत ठेवू दिली नाही, त्यामुळे तिचा खप वाढला. तिसरी एका बक्षिसाच्या शेवटच्या यादीपर्यंत गेली आणि फ्रेंचमध्ये आली. त्यांच्या मते एवढ्यावर माणूस लेखक म्हणून मरू शकतो.

चौथी कादंबरी भावाची होती. अख्खी लिहून झाली होती, फक्त शेवटचं प्रकरण नव्हतं. दोन वेळा बिनपगारी सुट्टी घेऊनही झालं नव्हतं. भाऊ मेला असं लिहायला बसल्या की हात थांबायचा, कारण दुसरा साक्षीदार नव्हता. परत आला असं लिहिलं तर ते वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. आई मध्यंतरी वारली. मुलगा जिवंत आहे की नाही ते न कळताच.

"प्रकाशक म्हणतो, हिवाळ्याच्या जत्रेला नाही दिलं तर सोडून देऊ. त्याचं काही नाही. पण मी स्वतःला सांगितलंय की या वेळी झालं नाही तर कादंबरी बंद. बातम्या लिहिता येतात. तेवढं पुरे म्हणायचं."

चहा निवला होता. मी विचारलं, "किती वर्षं झाली भावाला?"

"तेरा."

हा आकडा माझ्या डोक्यात राहिला. आकडे राहतातच.

भाद्रपद लागला. बायकोला ब्लाउज शिवायचे होते आणि ताईंना कुर्ता. दोघी बडा बाजारात आमच्या जुन्या शिंप्याकडे गेल्या. मी पिशव्या धरायला. ताई अरबी आहेत हे कळल्यावर शिंपी मशीन थांबवून उभाच राहिला.

"दीदी, अरबी लिखती भी हैं?"

"लिखना मेरा काम," ताई म्हणाल्या.

"तो हमें कुछ पढ़वाइए। हमने बचपन में पूरा पढ़ा है। मतलब नहीं आता, पर पढ़ना आता है।"

ताईंच्या पर्समध्ये, प्रकाशकाने टंकून घेतलेल्या कादंबरीच्या प्रतीची काही पानं होती. त्यांनी एक दिलं. शिंप्याने आत जाऊन हात धुतले, डोक्यावर टोपी घातली, तुकडे-कापड बाजूला सारून कागद स्वच्छ जागी ठेवला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. दोन शब्दांवरच अडला.

"इसमें तो ज़ेर-ज़बर लगे ही नहीं हैं," तो म्हणाला.

अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात, त्यांवरून उच्चार कळतो. त्याने लहानपणी वाचलेल्या धर्मग्रंथात त्या असतात, कादंबरीत आणि वर्तमानपत्रात कोणी घालत नाही. वाचणाऱ्याला भाषा येते असं धरलेलं असतं. शिंप्याला भाषा येत नव्हती, फक्त खुणा येत होत्या.

"लिखा क्या है इसमें?" त्याने विचारलं.

"औरत। बस-अड्डे पर। बस का इंतज़ार करती।"

शिंप्याने त्या अक्षरांवर परत बोट ठेवलं. "इन हरूफ़ में बस भी आती है?"

ताई इतक्या हसल्या की बायकोही हसायला लागली. शिंपीही हसला, पण कागद परत देताना त्याने दोन्ही हातांनी दिला. मग विचारलं, "आई फिर?"

"क्या?"

"बस।"

"अभी नहीं," ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस पहाटे वर दिवा लागला नाही. बायको म्हणाली, "ताईंचं काही खरं नाही. चहालाही आज उशिरा आल्या." मग ताईंनीच सांगितलं की परतीचं तिकीट अलीकडचं करायचं म्हणतेय, ऑफिसात रात्रपाळीला माणूस कमी आहे. मी दिवस मोजून, तिकीट बदलायला किती कापतील ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यांना जरा बदल व्हावा म्हणून मी त्यांना बरुआसागरला घेऊन गेलो. माझं तिथे ऑफिसचं काम होतं. एका बाईच्या कागदावर सही हवी होती, आणि तिला वारंवार झाशीला यायला जमत नव्हतं. तिचा नवरा ट्रकवर जायचा, तो एका खेपेवरून परतला नव्हता. सात वर्षं होऊन गेली होती, कोर्टाचा हुकूम झाला होता. पैसे मिळायला फक्त तिची सही राहिली होती. बसने उतरून आम्ही तळ्याच्या बाजूने चालत गेलो. ती अंगणात आलं निवडत होती, माती झटकून.

मी फॉर्म पुढे केला. तिने सही केली, मग पदराच्या गाठीतून पैसे काढले.

"साब, जा किस्त भी जमा कर लो।"

"अम्मा, अब किस्त नहीं लगती। अब तो तुमको मिलेंगे।"

"हओ। मिल जेहें तो मिल जेहें। पर जा जमा कर लो। जा महीना की है।"

मला तसं करता येत नव्हतं, दावा मंजूर झालेल्या पॉलिसीवर हप्ता घेता येत नाही. मी तिला समजावलं, तिने ऐकून घेतलं आणि पैसे परत गाठीत बांधले. ताईंनी मला विचारलं, ती काय म्हणाली. मी शब्दशः सांगितलं, मिळतील तर मिळतील, पण हा हप्ता जमा करून घ्या, या महिन्याचा आहे. त्या परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "तुमच्या कागदांवर तो मेला. तिच्या गाठीत नाही."

"पण पैसे तिला मिळतील," मी म्हणालो.

"हो. ते चांगलं आहे," त्या म्हणाल्या. निघताना त्या बाईने दिलेलं आलं त्यांनी मांडीवर धरलं होतं. हेच आलं पुढे सर्वपित्रीच्या चटणीला लागलं, म्हणून मला आठवतं.

सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांचं श्राद्ध असतं. आमचं घराणं झाशीत आलं त्याला अडीचशे वर्षं होत आली, त्यातल्या कित्येकांच्या तिथी कोणालाच ठाऊक नाहीत. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, इतर मराठी घरांत मी ती पाहिली नाही. गुरुजींचं, गाईचं, कावळ्याचं वाढून झालं की एक पान या बेनामी माणसांसाठी मांडायचं. त्या दिवशी दारात न बोलावता जो कोणी येईल त्याला त्यावर बसवायचं. तो जेवून उठेपर्यंत घरच्यांनी जेवायचं नाही. वाढलेलं पान उचलायचं नाही. आतापर्यंत त्या पानावर पोस्टमन, वीज मीटर वाचणारा आणि एकदा चुकीच्या पत्त्यावर आलेला वरातीचा बँडवाला बसलेला आहे.

आदल्या दिवशी बायकोने गुरुजींना फोन केला. आमचे गुरुजी बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस.

"गुरुजी, दुसऱ्याच्या घरचा, दुसऱ्या धर्माचा माणूस असेल तर चालतं का? त्याच्यामागे करणारं कोणी नाही."

"ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी देतातच त्या दिवशी. गोत्र माहीत नसेल तर काश्यप."

"हे म्हणताहेत, त्याच्या मृत्यूचा दाखला नाही."

मी खरंच तसं म्हटलं होतं. गुरुजी फोनवर हसले. "बेपत्ता असून बारा वर्षं झाली असतील तर शास्त्राची हरकत नाही. विचारा त्यांना किती झाली."

"तेरा," मी म्हणालो.

"मग झालं तर," बायको म्हणाली. "तुमच्या ऑफिसची सात, शास्त्राची बारा, दोन्ही उलटली. पितरांना काय दाखला लागतो? त्या पोराला तेरा वर्षांत कोणी एक घास वाढला नसेल."

दोन्ही मुदती पूर्ण झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला सगळं तयार झालं. झाशीत केळीची पानं सहज मिळत नाहीत, आम्ही पळसाच्या पत्रावळी घेतो. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कारल्याची आणि भेंडीची भाजी, कढी, आल्याची चटणी. गुरुजी आपल्या पानावर बसले. बायकोने ताईंना खाली बोलावलं होतं, त्यांना हे बघायला आवडेल म्हणून. त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या आणि मी त्यांना एकेक पान कोणाचं ते सांगत गेलो. बेनामी माणसांच्या पानावर गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस आधीच बसला होता आणि दुसऱ्यांदा खीर घेत होता.

"आणि हे?" त्यांनी त्याच्या शेजारच्या पानाकडे बोट केलं. ते वाढलेलं होतं, पण समोर कोणी नव्हतं.

बायकोने हिंदीत सांगितलं, "ताई, ये आपके भाई का।"

ताईंनी त्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं, तो मेला म्हणून?"

मी म्हणालो, "बारा वर्षं झाली की आमच्यात..."

"दुसरा साक्षीदार कोण?"

त्या उठून वर गेल्या. दाराचा आवाज आला.

गॅसवाला जेवून उठला, सगळ्यांना राम-राम करून गेला. गुरुजींचं जेवण झालं. ते पान तसंच राहिलं. बायकोचा चेहरा उतरला होता.

"उचलू का, गुरुजी?"

"तुमच्या घरची रीत तुम्हीच सांगितलीत. वाढलेलं पान उचलायचं नाही."

"मला वाटलं, तिला बरं वाटेल हो."

"कोणी तरी येईल. दुपारी कुरियरवाले फिरतात," गुरुजी म्हणाले आणि मुखशुद्धीची सुपारी तोंडात टाकली.

आम्ही दारात पाहत बसलो. कुरियरवाला आला नाही. मुलीने एकदा विचारलं, "मम्मी, भूख लगी है, मैं ही बैठ जाऊँ?" घरच्यांना त्यावर बसता येत नाही. वर जाऊन ताईंची माफी मागावी की त्यांना एकटं राहू द्यावं, यावर आमचं दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं, तेव्हा जिन्यात पावलं वाजली.

ताई खाली आल्या. तोंड धुतलेलं होतं, केस ओले. त्या भावाच्या पानाजवळ उभ्या राहिल्या.

"वहिनी, यावर कोण बसतं म्हणालात?"

"जो येईल तो."

"मेलेलाच हवा असं नाही?"

"मेलेला कसा येईल, ताई, जेवायला?" बायको म्हणाली.

त्या मांडी घालून बसल्या. कढी निवली होती, बायको गरम आणायला उठली तर त्यांनी हाताने थांबवलं. जेवता जेवता त्या बोलल्या, आमच्याकडे न बघता.

"तो जेवायला नेहमी उशिरा यायचा. आई चिडायची. म्हणून त्याच्या वाटणीचं मी खाऊन टाकायचे. आई आत येऊन विचारायची, तो जेवला का? मी म्हणायचे, ताट रिकामं आहे."

"म्हणजे खोटं बोलायचात तुम्ही," मुलगी म्हणाली. हे वाक्य तिने मराठीत म्हटलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ताट रिकामंच असायचं. मी तेव्हाच पत्रकार होते."

पानातलं सगळं त्यांनी संपवलं. कारलंसुद्धा, जे एरवी त्या बाजूला सारत. दोन वडे मागून घेतले. शेवटी पत्रावळ आमच्यासारखी स्वतःकडे दुमडून ठेवली आणि बायकोला म्हणाल्या, "तो आला तर त्याला परत वाढा."

"वाढीन," बायको म्हणाली.

मग आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वर दिवा होता. तिकीट बदललं नाही. नवरात्र संपायच्या आत त्यांनी प्रकरण पूर्ण केलं आणि ठरलेल्या तारखेला गेल्या. जाताना विजेचे पैसे मीटर पाहून दिले, मी सांगितलेल्या रकमेपेक्षा थोडे कमी. त्यांचं वाचन बरोबर होतं.

कादंबरी हिवाळ्याच्या जत्रेला आली. बहिणीने सांगितलं, ठीक चालली आहे. एका परीक्षणात लिहिलं होतं की शेवट अपुरा वाटतो, आणि दुसऱ्यात तेच चांगलं म्हटलं होतं. बाईंनी नोकरी सोडली नाही. रात्रपाळी सोडली, आता सांस्कृतिक पुरवणी पाहतात, आणि पहाटे नवीन कादंबरी लिहितात. बहिणीला अरबी हिशेबापुरतीच येते, पण तिने कोणाकडून तरी शेवट समजून घेतला. भाऊ मेला की नाही ते कुठेही लिहिलेलं नाही. बहीण परक्या गावात जमिनीवर बसून त्याच्या वाटणीचं जेवते, आणि आईच्या जुन्या प्रश्नाला उत्तर देते. तिथे पुस्तक संपतं.

आमची प्रत टपालाने आली. शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलने प्रत्येक अक्षराच्या वर-खाली बारीक खुणा केल्या होत्या. बाकी कुठेच नाहीत. कोणासाठी ते आम्हाला लगेच कळलं.

बायको आणि मी पुस्तक घेऊन बडा बाजारात गेलो. शिंप्याने हात धुतले, टोपी घातली. या वेळी तो अडला नाही. अख्खं पान सावकाश, सुरात वाचलं. दुकानात कापड घ्यायला आलेल्या दोन बायका थांबून ऐकत राहिल्या. आमच्यापैकी कोणाला एक शब्दही कळला नाही.

वाचून झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं.

"भाभीजी, वो बस आई कि नहीं?"

"नहीं आई," बायको म्हणाली. "पर औरत ने खाना खा लिया।"

शिंप्याने टोपी काढून घडी केली.

"चलो," तो म्हणाला, "भूखी तो नहीं रही।" आणि गळ्यातली टेप काढून ब्लाउजचं माप घ्यायला लागला.